दांडिया बाजारातील मराठी ग्रंथप्रदर्शन: निवड चांगली, मांडणी अपुरी

दांडिया बाजारातील एका सभागृहात सध्या भरलेले मराठी पुस्तकांचे प्रदर्शन बडोद्यातील वाचकांनी जरूर पाहावे. मात्र काय हवे आहे ते मनाशी ठरवून जावे, कारण तेथील मांडणी वाचकाला फारशी मदत करत नाही. बाहेरगावाहून आलेल्या या विक्रेत्यांनी इतिहास, व्यवस्थापन आणि विनोदी साहित्य यांवर भर दिला असून पाककृती, बालवाङ्मय आणि स्तोत्रांच्या पुस्तिका भिंतीलगत ठेवल्या आहेत.

इतिहासाचे दालन सर्वांत समृद्ध आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि साधार इतिहासग्रंथ एकाच ढिगात ठेवल्यामुळे नवख्या वाचकाची फसगत होण्याचा संभव असला, तरी थोडे शोधले तर उत्तम ग्रंथ हाती लागतात. गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’चे, म्हणजे मराठ्यांच्या सविस्तर इतिहासाचे, आठही खंड येथे आहेत, हे विशेष. सरदेसाई 1889 मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि 1925 पर्यंत येथेच राहिले. महाराज सयाजीराव गायकवाड यांना वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे ही कामे करता करताच त्यांच्या इतिहासलेखनाला आरंभ झाला. बडोद्याच्या जवळपासचा इतिहासही या संचात येतो. मराठ्यांचे सेनापती त्र्यंबकराव दाभाडे ज्या लढाईत पडले ती 1731 ची लढाई डभोईजवळ झाली आणि त्यानंतर गुजरातेत गायकवाडांचे महत्त्व वाढत गेले. आपल्या गावाच्या इतक्या जवळ घडलेला हा भाग वाचण्यासाठी कुणाला एकच खंड हवा असेल, तर तो सुटा मिळत नाही. संपूर्ण संच घ्यावा लागतो. संच महाग असल्याने पुष्कळसे वाचक तो हाताळून परत ठेवताना दिसतात. खंडांची बांधणी भक्कम आहे, पण अक्षर बारीक असल्याने ज्येष्ठांनी दोन पाने वाचून पाहूनच निर्णय घ्यावा.

व्यवस्थापनाच्या दालनाने मात्र निराशा केली. बहुतेक पुस्तके इंग्रजीवरून घाईने केलेले अनुवाद आहेत. त्यांतील उदाहरणे अमेरिकेतील अवाढव्य कंपन्यांची असून मकरपुऱ्यात दहा-पंधरा कामगारांचे वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला उधारीची वसुली, कारागिरांची गळती किंवा मुलाकडे धंदा सोपवणे यांविषयी त्यांतून काहीच हाती लागत नाही. मराठी उद्योजकांनी स्वानुभवातून लिहिलेली काही पुस्तके याच दालनात तळाशी सापडली आणि ती कितीतरी अधिक उपयुक्त वाटली.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा 1906 चा निर्णय, 1908 मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना आणि 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभारलेली, पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पोहोचवणारी ग्रंथालययोजना, ही सयाजीरावांची कामे व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गात शिकवण्याजोगी आहेत. लहान गावात प्रयोग करून पाहावा, जाणता माणूस दुरून आणावा, त्याच्या हाताखाली स्थानिक माणसे तयार करावीत, ही पद्धत त्यांत स्पष्ट दिसते. शिक्षणसक्तीचा पहिला प्रयोगही आधी अमरेली भागात झाला होता. असे असताना महाराजांचे चरित्र या दालनात नसून चित्रपट-कलावंतांच्या आत्मकथनांखाली दडपलेले आढळले. विक्रेत्यांना ही गोष्ट सुचू नये, तीही बडोद्यात, याचे नवल वाटते.

विनोदी साहित्याची निवड रसिकतेने केलेली आहे. ग्रामीण विनोदी कथांचे संग्रह विपुल आहेत. मोबाइलवर फिरणारे चुटके छापून काढलेल्या दोन-तीन पुस्तिका वगळता टाकाऊ असे फारसे नाही. चि. वि. जोशी यांचे मात्र ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ एवढेच उपलब्ध आहे. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवणारे आणि पुढे संस्थानचे राजदफ्तरदार झालेले हे गृहस्थ दिवसभर जुनी कागदपत्रे सांभाळत आणि घरी चिमणराव-गुंड्याभाऊंची फजिती लिहीत. बुद्धिमान पण भित्रा चिमणराव आणि धिप्पाड, धाडसी पण हमखास घोटाळा करणारा गुंड्याभाऊ ही जोडी आजही ताजी वाटते, कारण त्यांचा विनोद कोणाला हिणवत नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या घाबरटपणावर आणि बढाईवर तो हसतो, आणि हसताना त्याच माणसाच्या बाजूने उभा राहतो. घरात मराठी बोलणाऱ्या पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी याहून चांगले पुस्तक या प्रदर्शनात मला दिसले नाही.

सेवेविषयी थोडक्यात. विक्रेते सौजन्याने बोलतात, मागितलेले पुस्तक उठून शोधून देतात आणि मोबाइलवरून पैसे स्वीकारतात. पुष्कळ पुस्तके प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहेत. सांगितल्यास ती उघडून देतात, पण सांगावे लागते. छापील यादी नाही. नसलेल्या पुस्तकांची मागणी वहीत नोंदवून घेतात आणि ती टपालाने पाठवतात, टपालखर्च ग्राहकाकडे. चि. विं.ची उरलेली पुस्तके मी अशीच नोंदवली आहेत. संध्याकाळी त्या रस्त्यावर वाहन लावणे अवघड होते, म्हणून सकाळी उघडताच जाणे सोयीचे. त्या वेळी विक्रेतेही निवांत असतात आणि तळाचे गठ्ठे काढून दाखवायला कुरकुर करत नाहीत.