कोलंबस, इंडियानामध्ये लग्नाचा केक: आमचा अनुभव

धाकट्याच्या लग्नाचे फोटो बघून चार जणींनी तरी विचारलं की केक कुठून केलास, म्हणून एकदाच सगळं लिहिते. बेकरी कोलंबस डाउनटाउनमध्येच आहे, आर्किटेक्ट सारिनेनने बांधलेल्या त्या उंच टॉवरवाल्या चर्चपासून चालत पाच मिनिटं. नाव मुद्दाम देत नाहीये, मालकीणबाई म्हणाल्या केकबद्दल काय वाटेल ते लिही पण नाव नको, का ते पुढे कळेल. ज्यांना हवंय त्यांनी मला विचारा, सांगते.

केक तीन थरांचा होता, ८० माणसांना पुरेल असा. खाली केशर-वेलची, मध्ये पिस्ता आणि वर बिनअंड्याचा आंब्याचा, कारण सासूबाई अंडं खात नाहीत. आंब्याच्या रसाचा डबा मीच इंडियन स्टोअरमधून नेऊन दिला. बाईंनी आधी चमच्यावर रस घेऊन चाखला आणि म्हणाल्या ह्यात साखर घातलेलीच आहे, मी माझी कमी करते. तेव्हाच माझी काळजी मिटली. क्रीम अजिबात गोडमिट्ट नाही, वेलची ताजी कुटलेली, जूनच्या उकाड्यात दोन तास बाहेर राहूनही केक ढळला नाही. मधला पिस्त्याचा थर मात्र कोरडा लागला, तेवढं सांगायलाच हवं, आणि डिलिव्हरी वीस मिनिटं उशिरा आली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या लग्नात नवरदेव दोघं होते. माझा लेक आणि इथलाच, इंडियानातलाच एक गुणी मुलगा. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ त्यांच्यापुरतं २०१८ मध्ये गेलं, पण लग्नाला तिथल्या सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नाही म्हटलं, त्यामुळे पुण्यात कायदेशीर लग्न करायचा प्रश्नच नव्हता. इथे इंडियानात २०१४ पासून होतं.

पहिल्यांदा आम्ही शेजारच्या गावातल्या एका बेकरीत गेलो होतो. टेस्टिंग झालं, डिपॉझिट दिलं, मग फॉर्मवर वधू आणि वर असे दोन रकाने होते तिथे मी दोन्ही मुलांची नावं लिहिली. काउंटरवरची मुलगी आत गेली, मालक बाहेर आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले की आमच्या श्रद्धेत हे बसत नाही, वाढदिवसाचा केक कधीही करून देऊ. आवाज चढवला नाही, पैसे लगेच परत दिले. गाडीत येऊन बसलो तर लेक गाडी सुरूच करेना. थोड्या वेळाने म्हणाला, आई, पुढच्या ठिकाणी तू फोनवरच सांगून टाक दोघं मुलगे आहेत म्हणून, म्हणजे जाऊन परत यायला नको. ते माझ्या अजून मनातून जात नाही. माझ्या पोराने स्वतःच्या लग्नाच्या केकसाठी आधी परवानगी विचारायची का?

हा वाद ह्या गावाला नवीन नाही. २०१५ मध्ये इंडियानात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, रिफ्रा म्हणतात त्याला, सही करणारे गव्हर्नर माइक पेन्स कोलंबसचेच. असा केंद्राचा कायदा १९९३ पासून होताच, की सरकारने भक्कम कारणाशिवाय कुणाच्या धर्माचरणात आडवं येऊ नये, आणि त्यात वावगं काही नाही. पण इंडियानाच्या कायद्यात नफ्यावर चालणारे धंदेही आले आणि सरकारचा संबंध नसलेल्या खासगी भांडणातही त्याचा आधार घेता येईल असं झालं. म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणून वर कोर्टात धर्म पुढे करू शकला असता. केवढा गदारोळ झाला तेव्हा! दुकानांवर इथे सगळ्यांना सेवा मिळते असे निळे स्टिकर लागले, आणि ज्या कमिन्समुळे पुण्याची इतकी मंडळी ह्या गावात आली त्या इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीनेही उघड विरोध केला. २६ मार्चला सही झाली आणि २ एप्रिलला दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी कोलंबसच्या सिटी कौन्सिलने गे लोकांशी भेदभाव नको असा स्वतःचा नियम केला, पण राज्याच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं अजून नाही, त्यामुळे गाव बदललं की हक्क बदलतो. त्यात २०२३ मध्ये कोलोरॅडोच्या वेबसाइट करणाऱ्या बाईंच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की मनाविरुद्धचा संदेश असलेलं काम त्यांच्याकडून जबरदस्तीने करून घेता येणार नाही. मग खास सजवलेला केक त्यात बसतो का, ह्यावर वकील अजून भांडतायत.

तर ह्या दुसऱ्या बेकरीत मी फोनवरच सांगितलं. बाई दोन सेकंद गप्प, मग विचारलं तारीख कोणती आणि माणसं किती. दुकानात गेले तर गल्ल्यामागे क्रॉस, बायबलमधलं वचन, बाहेर पिकअपवर रिपब्लिकन पार्टीचं स्टिकर. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, मी दर रविवारी चर्चला जाते, लग्न बाई आणि पुरुषाचं असं मला शिकवलंय आणि मी ते मानते, २०१५ मध्ये मी त्या कायद्याच्या बाजूने होते कारण उद्या आमच्या पाद्रींना जबरदस्तीने लग्नं लावायला सांगतील अशी भीती होती. पण लग्न लावणारी मी नाही, मी केक करते, आणि तुझा मुलगा माझ्या दारात आलाय. नाव नको म्हणाल्या ते ह्याचसाठी, चर्चमधली मंडळी बोलतात आणि दुसऱ्या बाजूचे लोकही त्या स्टिकरवरून बोलतात.

मला ह्या बाईंचं मत पटत नाही, त्यांना माझं पटत नाही. पण तिथे त्यांनी माझ्या लेकाकडे वळून विचारलं की तुमच्यात नवऱ्याच्या कपाळाला काय बांधतात? मी फोनवर मुंडावळ्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून सर मोजले, मोती किती ते विचारलं, वहीत पेन्सिलीने काढून घेतलं. लग्नाच्या दिवशी केकवर दोन मुंडावळ्या होत्या, साखरेच्या मोत्यांच्या, शेजारी शेजारी, गाठीसकट. जावयाच्या आईने त्या कापू दिल्या नाहीत, डब्यात घालून घरी नेल्या.

सहा आठवडे आधी सांगावं लागतं, सोमवारी बंद असतं. मुंडावळ्यांचे पैसे त्यांनी वेगळे लावले नाहीत. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक तिथेच सांगितलाय, पिस्त्याच्या थराला साखरेचं पाणी जरा जास्त लावा म्हटलंय.