सर्दीत कुठला मास्क: नाकाचा की मोठा?

सीपॅप, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकू नये म्हणून मास्कमधनं दाबानं हवा देणारं मशीन. ते लावणाऱ्याला पडसं झालं की पहिला विचार येतो तो मशीन चार दिवस गुंडाळून ठेवायचा. तो सोडा. खरा प्रश्न एवढाच, की रोजचा नाकाचा मास्क तसाच रेटायचा, की नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क लावायचा. आमच्या खानापुरात पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात, त्यामुळे माझं दोन्ही करून झालंय.

नाकाचा मास्क हलका. कुशीवर वळता येतं, चष्मा लावून वाचता येतं. नुसती वाहती सर्दी असेल तर बहुधा तोच पुरेल. उकळून निवलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं, ह्युमिडिफायर (मशीनच्या हवेला ओल देणारा भाग) थोडा वाढवायचा. गारठ्यात नळीत पाणी साचून गुडगुडतं, म्हणून नळी चादरीखालनं घ्यायची. नाक मोकळं करणारे थेंब दोन-तीन रात्रीच; पुढं तेच नाक चोंदवतात.

पण नाक ठार बंद झालं की तोंड आपोआप उघडतं. घसा उघडा ठेवायला जो दाब हवा, तोच तोंडावाटे फुर्रर्र निघून जातो. पहाटे तीनला माझी जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि शेजारनं आवाज, "अहो, घोरायलायसा की! मशीन बंद पडलं काय?" मशीन चालूच होतं. सलग तीन रात्री हेच. चौथ्या दिवशी बेळगावला जाऊन मोठा मास्क आणला.

त्याचंही कौतुक फार नको. नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, शिंक आली तर ती आतच. मिशीखालनं हवा निसटायची, शेवटी कातरली (घरात अजून हसतात). वीज गेली तर त्यातली झडप उघडून बाहेरची हवा मिळते, गुदमरायची भीती तेवढी नको. उलटीची मळमळ असेल तर मात्र लावू नये. पेसमेकरवाल्यांनी मास्कच्या पट्ट्याला चुंबकाची क्लिप असेल तर ती टाळावी. मशीनमध्ये मास्कचा प्रकार बदलायचा असतो, ते मी आठवडाभर विसरलो होतो. दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका.

वर्षातनं एकदा सर्दी होणाऱ्यानं दुसऱ्या मास्कचा खर्च करावा का, सांगता येत नाही. माझा नाकाचा मास्क अजून आहे, उन्हाळ्यात लावतो. जून लागला की मोठाच उशाशी.