वॉशिंग रॅम्पचा प्लेटवाला ऑइल सेपरेटर : घ्या, पण सेप्टिकला जोडू नका

आमच्या डेपोत ट्रक धुतलेलं पाणी कर्मचाऱ्यांच्या संडासाच्या सेप्टिक टँकमध्येच जायचं. ती लाइन ज्याने टाकली त्याला साष्टांग दंडवत! चिखल तळाशी बसून टाकीतली जागा खातो, एकदम लोंढा आला की मैला बसायच्या आत पुढे ढकलला जातो, आणि ऑइल शोषखड्ड्यातली माती बुजवत राहतं. खड्डा एकदा तुंबला की टाकी कितीही उपसा, काही उपयोग नाही. म्हणून हा सेपरेटर बसवला.

मोटर नाही, फिरणारं काही नाही. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो. मधल्यात तिरप्या, पन्हळी प्लेटा आहेत. ऑइलचे बारीक थेंब त्यांच्या खालच्या अंगाला चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सुटून वर येतात. शेवटच्या कप्प्यातलं पाणी तळाकडून बाहेर जातं, तवंग मागेच राहतो. साध्या सेपरेटरचा हिशोब 150 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबावर मांडलेला असतो, प्लेटवाले 60 पर्यंत उतरतात. थेंब निम्मा झाला की वर यायचा वेग चौथाई होतो, त्यामुळे हा फरक वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

नुसत्या पाण्याने धुतलेल्या ट्रकचं पाणी यातून छान निघतं. पण पोरांनी चेसिसला डिग्रीझर (ऑइल-ग्रीस सोडवणारं रसायन) मारून गरम पाण्याचा प्रेशर लावला, की शेवटच्या कप्प्यात पाणी दुधाळ! काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवलं, सकाळीही तसंच गढूळ. वर ऑइलचा थर नाही. हा सेपरेटरचा दोष म्हणता येत नाही. ईएन 858 हे अशा सेपरेटरचं युरोपीय मानक. माहितीपत्रकावर ऐटीत छापलेला ‘ईएन 858, क्लास 1, लिटरला 5 मिलिग्रॅम’ हा बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या ऑइलचा आकडा अशा, ऑइल पक्कं मिसळलेल्या पाण्यासाठी नाहीच. ते मानक स्वतःच त्याला बाजूला ठेवतं. विक्रेत्याने मात्र हे तोंडातून काढलं नाही. आता इंजिन आणि चेसिस वेगळ्या ट्रेवर धुतो, ते पाणी ड्रममध्ये भरून घातक कचरा नेणाऱ्यांना देतो.

खरा राग आहे तो बसवायला आलेल्या फिटरवर. “आता पाणी स्वच्छ झालं, आउटलेट सेप्टिकला देऊन टाका,” म्हणे. अहो, साबण तसाच आहे, टायरमधलं विरघळलेलं जस्त आणि ब्रेकमधलं तांबं तसंच आहे, आणि लोंढा तर काडीनेही कमी झालेला नाही! आउटलेट वेगळ्या साठवण टाकीत घेतला. त्यातलं पाणी चाकांवरचा पहिला चिखल उडवायला वापरतो, उरलेलं टँकर नेतो.

बाकी तक्रारी किरकोळ. झाकण एकट्याला उचलत नाही, त्यामुळे गाळ बघायचं काम टळत राहतं. प्लेटांचा संच मात्र अख्खा वर निघतो, साध्या पाण्याच्या पाइपने धुता येतो. हे फार सोयीचं.

घेताना टाकी किती लिटरची हे विचारत बसू नका. तुमचे सगळे नोझल एकदम सुरू असताना मिनिटाला किती पाणी येतं ते मोजा आणि तेवढा प्रवाह पेलणारा घ्या. रॅम्पवर छत नसेल तर आधी छत घाला. पाऊस आत आला की अडकलेला तवंगसुद्धा बाहेर वाहून जातो.