दोन सुयांचा व्हॅक्यूम गेज: कार्ब्युरेटर उघडण्याआधी घ्यायचं हत्यार

एका पट्टीवर शेजारी शेजारी दोन डायल, दोन रबरी नळ्या, प्रत्येक नळीवर एक बारीक झडप आणि काही पितळी जोडण्या. किटमध्ये एवढंच आहे. पडदा नाही, बॅटरी नाही. रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनाचे दोन कार्ब्युरेटर जुळवायला म्हणून हा गेज घेतला होता; इंजिन हवा किती जोराने ओढतंय, म्हणजे व्हॅक्यूम किती, ते प्रत्येक डायल एका बाजूचं दाखवतो. आता कुणी ‘इंजिन थरथरतंय’ अशी तक्रार घेऊन आलं की पान्यांची पेटी उघडण्याआधी मी हाच काढतो.

या इंजिनात डाव्या बाजूच्या दोन सिलिंडरांना एक बिंग कंपनीचा कार्ब्युरेटर आणि उजव्या बाजूच्या दोघांना दुसरा. थ्रॉटलची केबल एका बाजूला जराशी जास्त ओढली गेली तरी ती बाजू पुढे पळते आणि दुसरी मागे राहते. प्रोपेलरच्या आधी गिअरबॉक्स असल्यामुळे हे सगळे हिसके त्याच्या दातांवर जातात. वैमानिकाला मात्र फक्त सीटखालची थरथर कळते, आणि त्याचं निदान ठरलेलं असतं: ‘कचरा आलाय, कार्ब्युरेटर साफ करा.’ मग चांगला चालणारा कार्ब्युरेटर उतरवला जातो, धुतला जातो, परत बसवला जातो आणि त्या खटाटोपात केबलची जुळणी आणखी बिघडते.

गेजबद्दल सांगायचं तर खरी गुणवत्ता त्या दोन झडपांत आहे. प्रत्येक ठोक्याला व्हॅक्यूम उसळतं, त्यामुळे झडप नसेल तर सुई नुसती फडफडते आणि वाचता काहीच येत नाही. इथल्या झडपा मऊ फिरतात आणि ठेवल्या जागी राहतात. पण सुई अगदी गप्प होईपर्यंत आवळू नका. सुईला किंचित कंप राहायला हवा, नाहीतर थ्रॉटल हलवल्यावर सुई उशिरा हलते आणि तुम्ही जुनंच माप वाचत बसता. डिजिटल गेजपेक्षा मला सुया आवडतात त्या या कंपासाठीच. एक सुई सारखी राहून दुसरी मधूनच झटका घेत असेल, तर माझा पहिला संशय त्या बाजूच्या प्लगवर जातो, आणि सरासरी काढून दाखवलेल्या आकड्यात तो झटका दिसत नाही.

राग एका गोष्टीचा आहे. किटमध्ये टी-जोडणी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी, दिलेली नाही. दोन्ही डायल एकाच तोंडाला जोडून ते सारखंच दाखवतात का, हे आधी पाहिल्याशिवाय पुढच्या मापाला अर्थ नाही, आणि त्यासाठी टी लागतेच. ती वेगळी आणावी लागली. सूचनांच्या कागदावर याचा उल्लेखसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना जोडणारी मधली समतोल नळी माप घेताना काढायची असते, तेही त्यात एका ओळीत उरकलंय. ती नळी तशीच राहिली तर दोन्ही बाजूंचा फरक आपसात मिटतो आणि सुया खोटंच छान दाखवतात.

आणखी एक, जे कागदावर ठळक असायला हवं होतं: या कार्ब्युरेटरची स्प्रिंग थ्रॉटल उघडण्याच्या दिशेने ओढते. केबल सुटली तर इंजिन मंदावत नाही, उलट जोरात पळायला लागतं. म्हणून चाकांना ठोकळे लावायचे, आत ब्रेकवर आणि इग्निशनच्या स्विचवर हात ठेवून माणूस बसवायचा. स्क्रू फिरवायचा तो इंजिन बंद करून.

पण दोन सुया सारख्या आल्या म्हणजे इंजिन बरं झालं, असं समजू नका. एका विमानात आयडलवर, म्हणजे इंजिन अगदी मंद चालत असताना, एका बाजूचं व्हॅक्यूम कमी होतं. मालकाचं म्हणणं, त्या बाजूचा आयडल स्क्रू थोडा मागे घ्या, विषय संपला. घेतला असता तर सुया जुळल्याही असत्या. पण कार्ब्युरेटर आणि इनटेक यांच्यामधला रबरी सांधा वयाने कडक झाला होता, आणि खालच्या अंगाला, वाकवल्याशिवाय दिसणार नाही अशी चीर होती. तिथून शिरणाऱ्या हवेमुळे ती बाजू सतत लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी, चालत होती. स्क्रू मागे घेऊन, म्हणजे थ्रॉटल जरासा बंद करून, सुया जुळवल्या असत्या तर चीर तशीच राहिली असती, फक्त झाकली गेली असती. त्यामुळे आयडलवर फरक दिसला की मी आधी रबर वाकवून पाहतो, स्क्रू नंतर.

आयडलवर सारख्या असलेल्या सुया २५०० आरपीएमच्या आसपास फाकल्या तर केबलची ओढ बघायची. दोन्ही लिव्हर सारखेच उघडत असतील आणि तरीही फरक राहत असेल, तर कार्ब्युरेटरचं वरचं झाकण काढून डायफ्रामला, म्हणजे आतल्या रबरी पडद्याला, भोक पडलंय का ते पाहावं. भोक पडलं की कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर उचलला जात नाही.

फ्लोटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्यांच्या, बाबतीत मात्र हा गेज जवळपास आंधळा आहे. फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाले की वाटीतली पातळी चढते, प्लग काळे पडतात, व्हेंटच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. इथे तराजूच हवा: एका कार्ब्युरेटरचे दोन्ही फ्लोट मिळून ७ ग्रॅमच्या वर गेले तर बदलायचे.

एकच कार्ब्युरेटर असलेलं लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टल कंपनीचं विमानाचं इंजिन चालवणाऱ्यांनी हा गेज घेऊ नये, जुळवायला दुसरी बाजूच नाही. त्यांचा मोठा शत्रू बर्फ. दमट हवेत बाहेर २० अंश सेल्सिअस असतानाही कार्ब्युरेटरच्या गळ्यात तो साचतो. त्यांनी कार्ब्युरेटरचं तापमान दाखवणारा मीटर घ्यावा आणि कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी हीटची कळ ओढल्यावर आरपीएम पडून पुन्हा चढतो का यावर लक्ष ठेवावं.

रोटॅक्सवाल्यांसाठी पाचपैकी चार तारे. पाचवा टी-जोडणीसाठी कापला.