फरारी खापरपणजोबांचा शोध आणि ग्रॅम्प्स : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घराण्यात एका पुरुषाचे नाव मोठ्याने घेतले जात नसे. माझे खापरपणजोबा ‘बंडात गेले, पळून गेले’ एवढेच आजी सांगत असे. भाऊबंद मात्र त्यांना सरळ ‘दरोडेखोर’ म्हणत. शिमग्यात गाऱ्हाणे घालताना ‘वाडवडिलांकडसून काय चुकला असात तर पोटात घाल, बा देवा म्हाराजा’ हे शब्द आले की मोठी माणसे माना खाली घालत, हे मला लहानपणापासून आठवते. गेल्या वर्षी शिमगा आटोपून वेंगुर्ल्याला परतल्यावर मी या माणसाचा माग काढायचे ठरवले आणि वंशावळ नोंदवण्यासाठी ग्रॅम्प्स हा विनामूल्य, मुक्त-स्रोत संगणक-कार्यक्रम घेतला.

आधी मी शुल्क घेणारे एक संकेतस्थळ वापरून पाहिले होते. त्याने आडनाव आणि तालुका जुळतो एवढ्यावर चार परक्या माणसांना माझे पूर्वज म्हणून सुचवले. आमच्या भागात एकाच वाडीत एकाच नावाचे तीन-तीन पुरुष असत, त्यामुळे असे जुळवणे निरुपयोगी ठरते. ग्रॅम्प्स आपल्या संगणकावरच चालतो, देवनागरी नावे जशीच्या तशी ठेवतो आणि मुख्य म्हणजे स्वतःहून काही ठरवत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती स्थळांची रचना. एखादे गाव कोणत्या काळात कोणत्या अंमलाखाली होते, हे तारखांसह नोंदवता येते. आमचे मूळ गाव मनोहरगडाच्या परिसरातले. ते १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात, मग रत्नागिरी जिल्ह्यात आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात. वेंगुर्ले मात्र १८१२ पासूनच कंपनी सरकारकडे, आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांचे गोवे. हे सारे भरून झाल्यावर ‘पळून गेले’ या शब्दांचा अर्थ मला प्रथमच नीट कळला. काही कोस चालले की माणूस एका सरकारच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हद्दीत पोहोचत असे. १८३८ मध्ये सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला होता. १८४४ मध्ये कोल्हापुरात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी उठाव केला, त्याचे लोण सावंतवाडीत आले, फोंड सावंत तांबूळकरांसारखे मातब्बर सरदार त्यात उतरले, आणि १८४५ च्या आरंभी मनोहर-मनसंतोषगड पडल्यावर बंडवाले गोव्यात गेले. आजीचे ‘बंड’ ते हेच असावे, असे मी धरले. तेव्हा आमचे खापरपणजोबा विशीत असणार.

मग ‘दरोडेखोर’ हा शब्द आला कुठून? एका नातलगाकडे जुन्या निकालपत्राची नक्कल होती आणि त्यात खापरपणजोबांचेच नाव, तेच आडनाव, तेच गाव आणि दरोड्याची शिक्षा होती. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, ही व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेची. ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि निकाल त्यानंतरचा होता. मी घाईने दोन्ही नोंदी एकाच माणसाखाली एकत्र केल्या. ही माझी मोठी चूक होती, कारण एकदा जोडलेली माणसे पुढे कामे साचल्यावर सहज विलग करता येत नाहीत. मला आधी काढून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा सुरुवात करावी लागली. जोडणी करण्यापूर्वी प्रत काढून ठेवावी, हे कळकळीने सांगते.

उलगडा झाला तो माळ्यावरच्या पेटीतील शके १७७९ च्या मोडी गहाणखताने. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि जाणकाराकडून शिकत शिकत ते एक पान वाचायला मला दोन महिने लागले. त्यात खापरपणजोबांची ‘अमुक बिन तमुक’ अशी बापाच्या नावासह ओळख आहे, आणि तो बाप निकालपत्रातल्या बापाहून वेगळा निघाला. म्हणजे शिक्षा झालेला माणूस आमचा नव्हे, निदान आमचे खापरपणजोबा नव्हेत. शिवाय १८५७-५८ मध्ये ते गावी उघडपणे खतावर निशाणी करत होते. मी शकाचे वर्ष मूळ शब्दांत टिपेत ठेवते आणि तारखेच्या जागी दोन इसवी सनांचा पल्ला लिहिते.

प्रत्येक पुराव्याला विश्वासार्हतेच्या पाच पायऱ्यांपैकी एक देता येते, आणि या सोयीसाठीच मी हा कार्यक्रम सोडणार नाही. गहाणखत ‘जास्त’, निकालपत्र ‘जास्त’ पण दुसऱ्या माणसाचे, आजीचे सांगणे ‘कमी’. त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणावे असा आग्रह घरातल्या तरुणांनी धरला. तसे लिहिण्याजोगा एकही कागद माझ्याकडे नाही, म्हणून मी ते लिहिले नाही. ते बंडात होते याला आजही केवळ आजीच्या शब्दाचा आधार आहे.

नोंदी खासगी म्हणून कुलूपबंद करता येतात आणि नातलगांसाठी प्रत काढताना त्या वगळता येतात. भाऊबंदांपैकी काहींची इच्छा नसल्याने नावे मी अशीच राखली आहेत. शिकायला सुरुवातीचे तीन आठवडे जड जातात, पुढे हात बसतो.

यंदाच्या शिमग्यात दोन्ही माणसांची पाने छापून मी थोरल्या चुलत्यांपुढे ठेवली. ते बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, ‘माझ्या बापाशीन सांगितलेला पण ह्यात घाल, माझ्या नावान.’ त्यांचे सांगणे मी शब्दशः नोंदवले, ‘कमी’ या पायरीवर, आजीच्या शेजारी.