२२०५ की २५०७? तडे कशामुळे जाणार ते आधी ठरवा

तेल-वायूच्या कामात डुप्लेक्स (फेराइट आणि ऑस्टेनाइट या दोन स्फटिक-रचना असलेलं स्टेनलेस स्टील) निवडताना नजर आधी पीआरईएनवर (क्रोमियम, मॉलिब्डेनम, नायट्रोजन यांच्या प्रमाणावरून काढलेल्या आकड्यावर) जाते: २२०५ ग्रेडचा साधारण ३५, सुपर डुप्लेक्स २५०७चा ४०च्या वर. हा आकडा गंजून खड्डे पडण्याला होणारा विरोध दाखवतो. तडे जाण्याचा हिशेब त्यावरून पूर्ण होत नाही.

क्लोराइडमुळे बाहेरून जाणाऱ्या तड्यांपुरता दोघांतला फरक किरकोळ आहे. समुद्री हवेत रंग न दिलेल्या पाइपसाठी नॉर्वेच्या तेल उद्योगाच्या नॉरसोक एम-००१ मानकाने २२ टक्के क्रोमियमच्या डुप्लेक्सला (२२०५) १०० अंश सेल्सियस आणि २५ टक्केवाल्याला (२५०७) ११० अंश अशी मर्यादा धरली होती. दहा अंशांसाठी महाग मिश्रधातू घेण्यापेक्षा चांगला लेप परवडतो.

आंबट, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेल्या, वायूत मात्र २५०७ खरोखर पुढे आहे. अशा वायूसाठीच्या आयएसओ १५१५६ मानकाच्या भाग ३ मधल्या सर्वसाधारण मर्यादेनुसार पीआरईएन ३० ते ४० असलेल्या डुप्लेक्सला हायड्रोजन सल्फाइडचा आंशिक दाब १० किलोपास्कलपर्यंत चालतो, ४० ते ४५ असेल तर २०. दोन्हींना तापमान २३२ अंशांपर्यंत. एकूण दाब १०० बार आणि वायूत १००० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल, तर आंशिक दाब बरोबर १० किलोपास्कल येतो, म्हणजे २२०५ अगदी काठावर. विहिरीतल्या कोल्ड-वर्क केलेल्या (थंड असताना ओढून कडक केलेल्या) नळ्यांच्या मर्यादा वेगळ्या. हे आकडे तिथे लावू नका. चाचणी फक्त २४ अंशांवर करून समाधान मानू नका: क्लोराइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र असताना डुप्लेक्सला सर्वाधिक त्रास ८० ते ११० अंशांच्या आसपास होतो.

समुद्रतळावर सुपर डुप्लेक्सचा मोठेपणा संपतो. गंज रोखायला जोडलेल्या ॲल्युमिनियम ॲनोडमुळे पृष्ठभाग सुमारे उणे १०५० मिलिव्होल्टवर जातो, तिथे हायड्रोजन तयार होतो आणि फेराइटमध्ये शिरतो. तडा फेराइटमधून धावतो, ऑस्टेनाइटशी अडखळतो. म्हणून ग्रेडपेक्षा रचना महत्त्वाची: ऑस्टेनाइटमधलं अंतर ३० मायक्रॉनच्या आत असलं तर बरं, जाड फोर्जिंगमध्ये (घडीव भागात) ते सहज ओलांडलं जातं. त्यात २५०७ची यील्ड (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) ५५० मेगापास्कल, २२०५ची ४५०. ताकद जास्त म्हणून भिंत पातळ आणि ताण चढा ठेवला, की फिलेट वेल्डच्या (कोपऱ्यातल्या जोडाच्या) कडेला तडा सुरू होतो. समुद्रतळावरच्या डुप्लेक्ससाठीच्या डीएनव्ही-आरपी-एफ११२ या शिफारशीप्रमाणे ताण आणि स्ट्रेन तपासा. लेप हा एकमेव अडसर धरू नका.

वेल्डिंगमध्ये २२०५ जास्त चुका पोटात घालतो. त्याला ०.५ ते २.५ किलोज्यूल प्रति मिलिमीटर हीट इनपुट (जोडाच्या लांबीमागे दिलेली उष्णता) चालतो. २५०७ला वरची हद्द १.५ धरा आणि इंटरपास (वेल्डच्या दोन थरांमधलं) तापमान १०० अंशांजवळ ठेवा, नाहीतर सिग्मा फेज (ठिसूळ स्फटिक-रूप) येतो. उलट फार थंड वेल्ड केला, तर फेराइट वाढून हायड्रोजनचा रस्ता मोकळा होतो. फिलर (जोडात भरायचा धातू) अनुक्रमे २२०९ आणि २५९४. खरेदीच्या कागदात ३५ ते ६५ टक्के फेराइट एवढंच लिहून भागत नाही. फोर्जिंगच्या सर्वांत जाड भागातून घेतलेल्या नमुन्याचा मायक्रोग्राफ (सूक्ष्मदर्शकातला फोटो) मागा.

हायड्रोजन सल्फाइडचा आंशिक दाब २० किलोपास्कलच्या वर जात असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून निकेल मिश्रधातू बघा.