एलएम२५९६ चं रेडीमेड मॉड्यूल: पॅनलमध्ये काही महिने चालवल्यावर

आम्ही ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारे कंट्रोलर बनवतो. २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आणि त्यापुढे ते ५ व्होल्टवर उतरवणारं, एलएम२५९६ चिपचं हे निळं मॉड्यूल, शंभर रुपयांच्या आत मिळणारं. बेंचवर तक्रारीला जागा नाही. व्होल्टेज स्थिर, गरम होतं पण बोट ठेवता येतं, आउटपुट चुकून शॉर्ट झालं तरी सहसा सावरतं. खरा हिशोब पंपघरात सुरू होतो. पत्र्याची खोली, जळगावचा मे महिना आणि बंद डबा.

सीझन संपता संपता बोर्ड परत यायला लागले. कंट्रोलरसोबतचा मोडेम अधूनमधून रीसेट होतोय, ही पहिली तक्रार. उघडून पाहिलं तर आउटपुटचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. स्कोपचा (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब चिपच्या आउटपुट पिनवर लावला आणि कारण समोर आलं: स्विचिंग, म्हणजे चिप वीज चालू-बंद करते तो वेग, जेमतेम ५० किलोहर्ट्झ. डेटाशीटप्रमाणे एलएम२५९६ ची फ्रिक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ असते. ५२ किलोहर्ट्झवर चालतो तो जुना एलएम२५७६. म्हणजे पाठीवरचा छाप एक आणि आतला माल दुसराच. छापावरून काही ओळखू येत नाही, तो अगदी सुबक असतो.

फरक पडतो तो कॉइलमुळे. तिच्यावर ३३० लिहिलंय, म्हणजे ३३ मायक्रोहेन्री. २४ वरून ५ व्होल्ट करताना १५० किलोहर्ट्झला रिपल करंट, म्हणजे करंटमधला चढउतार, ०.८ अँपिअरच्या आसपास येतो. ५० ला तोच जवळजवळ तिप्पट होतो आणि सगळा कपॅसिटरवर पडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, हा ठोकताळा इथे रोकडा अनुभवायला मिळतो.

पण फुगलेला कपॅसिटर परवडला. मला खरी चीड आहे ती ट्रिमपॉटची, म्हणजे स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवायच्या पॉटची. हा पॉट आउटपुट आणि फीडबॅक पिन (आउटपुट किती आहे हे चिपला कळवणारी) यांच्या मध्ये बसवलेला असतो. धुळीने किंवा दमटपणाने त्याचा वायपर (आतला सरकता संपर्क) सुटला की फीडबॅक शून्यावर जातो. चिपला वाटतं आउटपुट कमी आहे, ती पूर्ण उघडते आणि ५ व्होल्टच्या लाइनवर जवळजवळ २४ व्होल्ट जातात. पुढचा १११७ रेग्युलेटर १५ व्होल्टच्या वर तग धरत नाही. तो गेला, मोडेम गेला, कंट्रोलरही गेला. मॉड्यूलला मात्र ओरखडाही नाही, पॉट हलवला की पुन्हा ५ दाखवतं! दुकानदाराला दाखवायला नेलं तर म्हणतो, ‘चालतंय की साहेब.’

उपाय सोपा आहे. पॉट काढायचा. खाली ३३० ओहमचा रेझिस्टर बसलेलाच आहे, वर १ किलोओहम लावला की १.२३ (चिपचं संदर्भ व्होल्टेज) गुणिले ४.०३ (१ अधिक १०००/३३०), म्हणजे ४.९६ व्होल्ट. शिवाय ५ व्होल्टच्या लाइनवर जादा व्होल्टेज अडवणारा टीव्हीएस डायोड आणि त्याच्या आधी फ्यूज.

मधल्या काळात नखाएवढं दुसरं मॉड्यूलही लावून बघितलं. त्यातली चिप २८ व्होल्टपर्यंतची, इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर. २४ चालू असताना कनेक्टर खोचला की लांब वायरचं इंडक्टन्स आणि सिरॅमिक मिळून व्होल्टेज उसळी घेतं, वाईट स्थितीत दुपटीपर्यंत. ती मॉड्यूल्स लाइनमन कनेक्टर लावतानाच गेली. यात चिपचा काही दोष नाही, मर्यादाच ओलांडली जाते. इनपुटला १०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक समांतर लावल्यावर उसळी बसली.

आता नव्या बोर्डवर अधिकृत वितरकाकडून घेतलेली चिप थेट सोल्डर करतो. एकट्या चिपची किंमत अख्ख्या मॉड्यूलपेक्षा जास्त पडते, पण जळगावला गाडी पाठवण्याच्या डिझेलपेक्षा कमीच. कॉलेजच्या प्रोजेक्टला किंवा एलईडी पट्टीला हे मॉड्यूल खुशाल घ्या. गिऱ्हाइकाच्या पॅनलसाठी घेणार असाल तर प्रत्येक लॉटमधलं एक तरी स्कोपवर बघा, १५० दिसलं तर ठेवा.